रांगेत उभं न राहता रांग कशी विकावी

सगळ्यात आधी ‘ब्लॅक’ हा शब्द विसरा. थिएटरच्या कोपऱ्यावर उभा राहून, नजर भलतीकडे ठेवून, ओठ न हलवता भाव पुटपुटणारा तो ब्लॅकवाला वेगळा. त्याला पोलीस धरतात. तुम्ही त्यातले नाही. तुम्ही ‘दुय्यम बाजारपेठेत’ ‘पुनर्विक्री’ करता. त्याच्या खिशात दहा तिकिटं असायची, तुमच्या खात्यात हजार असतील. दहा तिकिटांना काळाबाजार म्हणतात, हजारांना उद्योग. आणि एखादा उद्योग कायदेशीर असावा की नाही, असले प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. त्यात पैसे गुंतवता येतील का, एवढंच विचारतात.

आता माल कुठून आणायचा? रांगेतूनच. पण रांगेत उभं राहून नव्हे, ते काम रसिकांचं. विक्री सुरू व्हायच्या तासभर आधीपासून स्वतःचा फोन, लॅपटॉप आणि धाकट्या भावाचा फोन असे तीन पडदे मांडून, कार्डाचा नंबर पाठ करून तो बसलेला असतो. आपल्यापुढे किती हजार माणसं आहेत हे पडदा त्याला दर मिनिटाला सांगत राहतो. बसू द्या बिचाऱ्याला, संयम हा मोठा गुण आहे. तुम्ही आपला बॉट ठेवा. बॉट म्हणजे माणसासारखी बटणं दाबणारा प्रोग्रॅम, फक्त त्याला पापणी मिटावी लागत नाही. ‘यू टू’ या बँडच्या न्यू यॉर्कमधल्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटं २०१४ साली एका दलालाच्या बॉटने एका मिनिटात उचलली, असं त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या २०१६ च्या अहवालात नोंदलेलं आहे. एका गिऱ्हाइकाला चारच तिकिटं, असा नियम होता. म्हणजे त्या एका मिनिटात एका दलालाच्या पोटातून २५३ सज्जन बाहेर पडले आणि प्रत्येकाने नियम पाळून चार-चार तिकिटं घेतली. शिस्त म्हणतात ती हीच.

कायद्याची भीती वाटत असेल तर सोडा. अमेरिकेने २०१६ च्या डिसेंबरात बॉटविरोधी कायदा केला. त्याखालच्या पहिल्या कारवाया जाहीर व्हायला २०२१ उजाडलं. तीन दलाल सापडले. दीड लाखाहून जास्त तिकिटं त्यांनी अशी मिळवल्याचा आरोप होता. दंड ठरला ३ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक, आणि ऐपत नाही म्हणून प्रत्यक्ष भरायला सांगितले ते ३७ लाख. दीड लाख तिकिटं उचलायची ऐपत होती, दंडाची तेवढी नव्हती. गरिबी कुणाला कुठे गाठेल, सांगता येत नाही.

चारचौघांत मात्र बॉटचं नाव काढायचं नाही. तिथे पुढे करायला तुमच्याकडे एक हुकमी माणूस पाहिजे. तो म्हणजे तापाने फणफणलेला माणूस. त्याने सहा महिन्यांपूर्वी हौसेने तिकीट काढलं आणि नेमका आदल्या दिवशी अंथरुणाला खिळला. तिकीट परत घेत नाहीत, असं पाठीमागे बारीक अक्षरात छापलंय. त्याने काय करावं? स्वतःच्या पैशांनी घेतलेली वस्तू विकायचाही हक्क नाही का माणसाला? इथे आवाज थोडा कापरा करा. समोरच्याचं मन विरघळतं आणि त्या आजाऱ्याच्या पांघरुणाखाली तुमची हजार तिकिटं अलगद सरकवता येतात.

क्वचित एखादा खवचट विचारेल, की त्या आजाऱ्याला फक्त आपले पैसे परत हवे होते, मग तुमचा भाव छापील किमतीच्या सहापट कसा? सांगा, ताप फार होता. अशा खवचटांपासून जपा, कारण काही देशांत तेच कायदे करतात. आयर्लंडने २०२१ साली हजार किंवा त्याहून जास्त माणसं मावतील अशा ठरावीक जागांच्या कार्यक्रमांसाठी नियम केला, की तिकीट खुशाल विका, पण छापील किमतीहून जास्त घ्यायचं नाही. हा कायदा फार दुष्ट आहे. आजाऱ्याला तो हात लावत नाही, नुसतं पांघरूण ओढतो.

आता अर्थशास्त्र. याला घाबरायचं कारण नाही, अर्धंच शिकायचंय. ‘ज्याला जास्त हवंय, तो जास्त पैसे मोजतो, म्हणून वस्तू योग्य माणसाकडे जाते.’ हे वाक्य पाठ करा आणि लगेच विषय बदला. कारण तिथेच रेंगाळलात तर कुणीतरी म्हणेल, की एका माणसाला सगळी गाणी पाठ आहेत पण पगार बेताचा आहे, दुसऱ्याला गायकाचं नाव धड येत नाही पण पाहुण्यांना खूश करायचंय. यात जास्त कुणाला हवंय? हौस मोजायचं एकच माप जगात आहे आणि ते म्हणजे पाकीट, असं ठणकावून सांगायची तयारी ठेवा. (खरं सांगायचं तर या वाक्यातला पहिला भाग अगदीच खोटा नाही. ज्याला तीन तास रांगेत बसायला वेळ नाही, त्याच्याकडे पैसे असू शकतात, आणि वेळ तरी सगळ्यांना सारखा कुठे वाटलेला असतो? पण हे कबूल करायचं तर चिठ्ठ्या टाकून तिकिटं वाटावीत, हेही कबूल करावं लागतं. चिठ्ठीला वेळही कळत नाही आणि पाकीटही. तेव्हा गप्प बसा.)

याहून अवघड प्रश्न एकच आहे. बाजारात तिकीट सहापट भावाने खपतं, मग गायकाने किंवा आयोजकाने ते मुळात स्वस्त का ठेवलं? मूर्ख आहेत का ते? नसतात. पुढच्या रांगांमध्ये उड्या मारणारी पोरं हवी असतात, हाताची घडी घालून बसलेले पाहुणे नकोत. सभागृह भरलेलं दिसायला हवं असतं. दहा वर्षांनीही हेच लोक यावेत, ‘लुटलं’ म्हणत घरी जाऊ नयेत, असं वाटत असतं. म्हणजे छापील किंमत आणि बाजारभाव यांच्यातला फरक ही गायकाने रसिकांना पाठवलेली मनीऑर्डर असते. तुम्ही पोस्टमन. वाटेत फोडली, पैसे काढून घेतले आणि घरपोच पावतीच्या जागी गिऱ्हाइकाकडूनच आणखी पैसे घेतले. याला काय म्हणायचं ते आपण सुरुवातीलाच ठरवलंय: दुय्यम बाजारपेठ.

इतिहास हवा असेल तर भरपूर आहे. १८५० साली जेनी लिंड ही स्वीडिश गायिका अमेरिकेत आली, तेव्हा तिचा आयोजक पी. टी. बार्नम याने तिकिटांचा लिलावच पुकारला. पहिलं तिकीट २२५ डॉलरला गेलं आणि ते घेतलं जेनिन नावाच्या न्यू यॉर्कच्या टोपीवाल्याने. गावभर नाव झालं, टोप्या खपल्या. तेव्हा निदान टोपी कोण घालतंय आणि कोण घालून घेतंय, हे उघड्यावर ठरायचं आणि पैसे कार्यक्रम करणाऱ्यांकडेच जायचे. बार्नमचं उदाहरण देताना हे शेवटचं वाक्य गाळा.

न्यायालयाचा दाखलाही आहे. न्यू यॉर्क राज्याने नाटकाच्या तिकिटावर छापील किमतीपेक्षा ५० सेंटहून जास्त घ्यायचे नाहीत, असा कायदा केला होता. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उडवून लावला. नाटक म्हणजे काही जीवनावश्यक सार्वजनिक सेवा नव्हे, सरकारने तिच्या किमतीत नाक खुपसू नये, असा त्याचा मथितार्थ. हा निकाल फ्रेम करून भिंतीवर लावा. पुढे १९६५ साली त्याच न्यायालयाने त्याच राज्याचा तसलाच निर्बंध चालू दिला. त्या निकालासाठी भिंतीवर जागा नाही.

एवढं करूनही कुणी तुम्हाला चोर म्हणालंच, तर बोट वर दाखवा. हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, कारण इथे तुम्हाला खोटं बोलावंच लागत नाही. न्यू यॉर्कच्या त्याच अहवालात हिशोब आहे, की लोकप्रिय मैफलींची सरासरी ५४ टक्के तिकिटं सर्वसामान्य विक्रीला येतच नाहीत. काही आतल्या लोकांसाठी राखलेली, बाकीची अमुक कार्डधारक, तमुक चाहते यांना आधीच दिलेली. म्हणजे रसिक तीन पडदे मांडून बसतो तेव्हा अर्ध्याहून जास्त पंगत उठलेली असते. अलीकडची गोष्ट घ्या: २०२४ च्या ऑगस्टअखेर ‘ओएसिस’ या बँडच्या पुनर्मीलनाची तिकिटं निघाली. उभं राहून ऐकायच्या जागेचा आकडा सुमारे १५० पौंड ऐकून लोक रांगेला लागले आणि तासन्‌तास ताटकळून आत पोचले, तर त्याच जागेसमोर ३५५ पौंड. ब्लॅकवाला नाही, दलाल नाही, अधिकृत खिडकी. याचं नाव ‘डायनॅमिक प्रायसिंग’. मराठीत ‘चढता भाव’ म्हणतात, पण मग ते ओळखू येतं.

शिवाय तिकीट विकणारी काही मोठी संकेतस्थळंच फेरविक्रीचंही दुकान चालवतात. पहिल्यांदा विकताना शुल्क, दुसऱ्यांदा विकताना पुन्हा शुल्क. एकच तिकीट जितक्या वेळा हात बदलेल तितका गल्ला. अशा घरात चोर शिरला तर कुत्रा भुंकेलच कशाला? कुंपण शेत खातंय म्हटल्यावर तुमच्यासारख्या गरीब गुराला कोण हाकलणार?

कुठे दुकान मांडू नये, तेही सांगतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या वाटेला जाऊ नका. १९९४ च्या कायद्यानुसार सामन्याचं तिकीट विनापरवाना विकणं हाच गुन्हा आहे, मग छापील किमतीला का विकेना. कारण दोन संघांचे चाहते एका स्टँडमध्ये शेजारी बसले तर खुर्च्या उखडतात. त्याच मैदानावर गाण्याचा कार्यक्रम असेल तर तो कायदा लागू नाही. गाण्याचे श्रोते एकमेकांची डोकी फोडत नाहीत, ही त्यांची चूक. त्यांनी थोडी फोडाफोडी केली असती तर सरकारचं लक्ष केव्हाच गेलं असतं. अर्थात २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारने छापील किमतीच्या वर फेरविक्री बंद करू, असं जाहीर केलंय. तेव्हा घाई करा.

जपानही टाळा. तिथे २०१९ च्या जूनपासून ठरावीक तिकिटं जादा भावाने विकणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर ही जय्यत तयारी झाली. मग महासाथ आली, स्पर्धा वर्षभर लांबली आणि जवळजवळ सगळी रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. एवढं राखलेलं तिकीट, आणि काळाबाजार करायला बाजारच नाही.

बंदीची भाषा सुरू झाली की धमकी तयार ठेवा: ‘आम्हाला बंद केलंत तर धंदा गल्लीबोळात जाईल, बनावट तिकिटं निघतील, लोक फसतील.’ यात तथ्य आहे, म्हणूनच ती चालते. फक्त एक काळजी घ्या. हे बोलताना तुमच्या संकेतस्थळावर अजून हातातच न आलेली तिकिटं विकायला लावलेली नसावीत. ती लावतातच, आधी गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे, मग तिकीट शोधायचं, नाहीच मिळालं तर ऐन वेळी ‘क्षमस्व’ कळवायचं. याला बनावट तिकीट म्हणत नाहीत. बनावट तिकिटाला निदान कागद लागतो.

राहता राहिली जोखीम. अंदाज चुकू शकतो. आयोजक मागणी बघून दुसरा दिवस जाहीर करतात, तिसरा जाहीर करतात, आणि तुमचे भाव दुपारपर्यंत निम्मे होतात. कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता तुमच्याकडे ऐंशी तिकिटं उरलेली असतील. सहापट मागितलेत, कुणी घेतलं नाही. दुप्पट केलीत, नाही. सहाला आत ध्वनियंत्रणेची चाचणी ऐकू येते आणि पुढच्या रांगेतल्या तुमच्या ऐंशी खुर्च्या मोकळ्या असतात. बाहेर फाटकापाशी तो तीन पडदेवाला उभा असतो, आतून आवाज तरी ऐकू येईल म्हणून. त्याला विचारू नका, तो छापील किंमतच देईल.

त्यापेक्षा सरळ आयोजकांच्या कार्यालयात जा. केस विस्कटा, डोळे चोळून लाल करा, जमल्यास अंगावर शाल घ्या. खोकत खोकत सांगा, की कालपासून ताप आहे, आणि ऐंशी तिकिटं छापील किमतीला तरी परत घेता का म्हणून विचारा.