पापलेट साईजप्रमाणे, बिल अंदाजाप्रमाणे

कोकण किनाऱ्यावर मासे खायला हॉटेल निवडताना आधी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचा. एमएच १२, एमएच १४, एमएच ०४, मधूनच एखादी एमएच ०९, असं संमेलन भरलेलं दिसलं की लगेच ब्रेक दाबा. मालवणात असाल आणि एमएच ०७ दिसली, किंवा गुहागर-दापोलीकडे असाल आणि एमएच ०८ दिसली, तर मात्र पुढे चला. गावातला माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जिथे जेवतो तिथे तुम्हाला काय मिळणार? बांगडा. बांगडा खायला का घाट उतरून आलात?

बोर्डावर ‘घरगुती’ हा शब्द हवाच. जोडीला ‘अस्सल’ असेल तर सोन्याहून पिवळं. ‘चुलीवरचं’ असंही लिहिलेलं असेल तर आत जाऊन चूल शोधू नका, मागच्या बाजूला निळे सिलिंडर ओळीने उभे असतात. मेनूकार्ड चांगलं जाडजूड असावं. पनीर अंगारा, व्हेज मंचुरियन, तंदुरी, चायनीज भेळ अशी सगळी घरं हिंडून शेवटच्या पानावर मालवणी घर लागलं पाहिजे.

ऑर्डर देताना सुरमईच सांगा. हॉटेलवाल्याला सुरमईसारखा दुसरा सोयीचा मासा नाही आणि पाहुण्याने यजमानाची सोय बघावी. बांगडा अख्खा ताटात येतो, डोक्यासकट. त्याचा डोळा आत गेला असेल, पोट फुटलं असेल, तर ते झाकायला जागा नसते. सुरमईच्या तुकड्याला डोळे नाहीत, कल्ले नाहीत, पोट नाही. म्हणजे सगळे साक्षीदार आधीच गायब केलेले. उरलेल्या शंका रव्यात घोळवून तळल्या की वर नुसता कुरकुरीत आवाज. ‘रवा फ्राय की तवा फ्राय’ असं विचारलं तर हसतमुखाने रवा सांगा. तव्यावर नुसता मसाला लावून भाजलेला मासा लपत नाही, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाने इतकं खरं बघू नये.

मुडदुशे, तारली, पेडवे, कर्ली, सौंदाळे ही नावं चुकूनही घेऊ नका. एक तर त्यांना काटे असतात. दुसरं म्हणजे तुम्हाला माशातलं काही कळतं असा समज होईल आणि टेबलावरचं वातावरण उगाच बिघडेल.

पावसाळ्यात अवश्य या. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, पण त्या होड्या खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत जेमतेम घरापुरतं पकडतात. तरीही भर जुलैत, लाटा रस्त्यावर येत असताना, फलकावर ‘आजची ताजी सुरमई’ झळकत असते. यात खोटं काही नाही. आजच ती फ्रीजरमधून बाहेर आली. वार विचारा, महिना विचारू नका.

कोळंबीबद्दलही तेच. ‘आत्ताच जाळ्यातून काढली, सर,’ असं सांगतील. समोर येते ती एकसारख्या मापाची, एकसारख्या वळणाची व्हेनामी. तिचं मूळ गाव मेक्सिको ते पेरूचा प्रशांत महासागराचा किनारा. आपल्याकडे २००९ साली तिच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि आंध्रापासून आपल्याकडच्या खाड्यांच्या काठापर्यंत तिची तळी झाली. खायला काही वाईट नाही. फक्त तळ्यात खाद्य खाऊन वाढलेल्या त्या बिचारीने आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो, तो आपण तिला ती ताटात आल्यावर दाखवतो.

सोलकढी जितकी गुलाबी तितकी अस्सल. लग्नाच्या मांडवासारखा रंग दिसला पाहिजे. घरी कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध घालून केलेली सोलकढी अशी दिसत नाही म्हणाल, तर तुमच्या घरच्यांना जमत नसेल.

‘दहा मिनिटांत येतंय’ असं म्हणाले की मुलांना वेफर्सचं पाकीट फोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. भाव विचारू नका. मेनूकार्डावर पापलेटासमोर, हलव्यासमोर, शेवंडीसमोर, खेकड्यासमोर आकडा नसतो, तिथे ‘साईजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. हा शब्द ज्याने शोधला त्याला जिल्ह्याने जमीन द्यावी. दिवाळीच्या सुट्टीत मी मालवण पट्ट्यातल्या एका ‘घरगुती’ ठिकाणी, आई आणि घरची मंडळी बरोबर असताना, हा शब्द समजून घेण्याचा प्रयत्न केला.

‘पापलेट केवढ्याला?’

‘साईजप्रमाणे, सर.’

‘साईज केवढी आहे?’

‘मीडियम, सर.’

‘मीडियम केवढ्याला?’

‘ते साईजवर आहे, सर.’

वेटर कोवळा पोरगा होता, कुठून तरी लांबून आलेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे पाठ करून दिलं होतं ते त्याने म्हटलं. मी म्हटलं, आत जाऊन मासा दाखव. तो गेला, परत आला, म्हणाला, ‘मसाला लावलाय, सर.’ बरं, वजन सांग. पुन्हा गेला. ‘शेठ बाहेर गेलेत.’ म्हणजे माशाचं वजन शेठच्या डोक्यात, आणि शेठचं डोकं बाजारात. भूक लागली होती, आई थकली होती, पोरं पाण्याचे ग्लास वाजवत होती. दोन सांगितले.

आले. मी माझा मोबाईल त्या पापलेटाशेजारी ठेवला. मोबाईल लांब निघाला. पापलेट हा आपला राज्यमासा आहे, २०२३ साली महाराष्ट्र सरकारने त्याला तो मान दिला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं. पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. एकदा तरी अंडी घालून झाल्याशिवाय मासा पकडू नये हा त्यामागचा सरळ हिशेब. आमच्या ताटातला राज्यमासा त्या मापाच्या अलीकडे होता की पलीकडे, हे रव्याचं जाड कवच चढल्यावर कोण सांगणार? आईने एक घास खाल्ला, हात थांबवला आणि शांतपणे म्हणाली, ‘ह्यां बर्फातलां आसा रे झिला.’ तिचं माहेर देवगडकडचं. माशाच्या बाबतीत तिच्या जिभेवर अपील चालत नाही.

बिल आलं. पापलेट एक नग, साडेसहाशे. दुसरा नग, साडेसहाशे. दोन्ही मीडियम. शेजारच्या टेबलावर पिंपरीचं कुटुंब होतं, त्यांचं पापलेट आमच्यापेक्षा बोटभर मोठं होतं आणि त्यांनाही साडेसहाशेच लागले. म्हणजे साईज माशाची नव्हतीच. आमची होती. गाडी कुठली, बायकामाणसं किती, पोरं किती भुकेली, उद्या परत येतील की नाही, ही साईज. एव्हाना शेठ आले होते. विचारलं तर म्हणाले, ‘साहेब, समुद्रात मालच नाही हल्ली.’ हे मात्र खोटं नाही. एलईडीचे दिवे लावून रात्री समुद्र खरवडणाऱ्या बोटींनी आणि माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीनच्या जाळ्यांनी किनाऱ्यावरच्या छोट्या मच्छीमाराचं कंबरडं मोडलं आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण समुद्रात माल नाही म्हणून मेनूकार्डावर भाव का नाही? सोन्याचा भाव रोज बदलतो. तरी सराफ तो रोज सकाळी फळ्यावर लिहितो. पापलेट काय सोन्याहून चंचल आहे?

बिलावर ५ टक्के जीएसटी लावला असेल आणि जीएसटीचा नंबर कुठेच छापलेला नसेल, तर तो शोधू नका. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या हॉटेलला गिऱ्हाईकाकडून हा कर घेताच येत नाही, हे तर मनातही आणू नका.

रिसॉर्टमध्ये असाल तर सर्व्हिस चार्जही निमूट भरा, तो ऐच्छिक आहे हे त्यांनाही ठाऊक असतं.

पैसे गूगल पे करताना क्यूआर कोडवर हॉटेलचं नाव न येता कोणा चौथ्याच माणसाचं नाव आलं तर त्याला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवा.

आणि एवढं सगळं झाल्यावर, संध्याकाळी जेट्टीवर फिरायला गेलात आणि एखादी मावशी टोपलीत बांगड्यांचा वाटा लावून बसलेली दिसली, तर तिच्याशी मात्र कडक घासाघीस करा. ‘दोनशे? दीडशेला देतेस का?’ असं दरडावून विचारा. तिचे बांगडे तासाभरापूर्वी उतरलेले असतात, कल्ले लालभडक असतात, ती ते स्वतः उचकटून दाखवते, भाव तोंडावर सांगते आणि कापून, साफ करून देते. एवढा प्रामाणिकपणा संशयास्पदच. तिचे पन्नास रुपये तोडा, म्हणजे दुपारच्या साडेसहाशेची भरपाई झाल्यासारखं वाटेल.

लाज वाटते हो. हे मी काल्पनिक लिहीत नाही, मालवणच्या जेट्टीवर आणि हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी कधीही जाऊन उभे राहा, डोळ्यांनी दिसेल. एसी हॉलमध्ये ‘साईजप्रमाणे’ वाचून गप्प बसणारा माणूस उन्हात बसलेल्या बाईपुढे अर्थतज्ज्ञ होतो. सुरमई आणि पापलेट, पापलेट आणि सुरमई, बारा महिने दुसरं काही तोंडातून निघत नाही. बंदीच्या दिवसांतही तेच हवं, थर्टी फर्स्टलाही तेच हवं. मग ते कुठून आणायचं? गुजरातच्या बर्फातून येतं, ओमानच्या कंटेनरमधून येतं, आणि कोवळं असतानाच ओढून काढलं जातं. मागणारे आपण. सकाळी रापण ओढली जाते तेव्हा किनाऱ्यावर जाऊन व्हिडिओ काढता ना? त्या जाळ्यात काय आलं ते बघा आणि दुपारी तेच मागा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात एकदा नीट खाल्लात तर सुरमईचं ते जाड, कोरडं चाक परत मागवणार नाही.

आणि हॉटेलवाल्यांनो, तुम्हाला तर सरळच सांगतो, कारण तुम्ही आमचेच आहात. याच किनाऱ्यावर दोन खोल्यांच्या घरात ओटीवर चार टेबलं टाकून जेवायला घालणाऱ्या बायका आहेत. सकाळी फोन करा, त्या सांगतात आज काय मिळालंय. केवढ्याला तेही सांगतात. दुपारी दोन वाजता उशिरा पोचलात तर दारातूनच सांगतात, ‘माशे संपले, अंड्याचा सांबारा करून देव?’ त्यांच्याकडे फ्रीजर नाही, म्हणून मासे संपतात. तुमच्याकडे कधीच काही संपत नाही, यातच सगळं आलं. घरगुती हा शब्द त्यांचा आहे. तुम्ही तो बोर्डावर रंगवून त्यांचं गिऱ्हाईक हायवेवरच अडवता.

कोणी तुम्हाला स्वस्त विका म्हणत नाही. डिझेल महाग, बर्फ महाग, मासा महाग, माणसं मिळत नाहीत, सगळं मान्य. हजार रुपये लावा. पण खाण्याआधी सांगा. ‘गिऱ्हाईक एकदाच येतं, कापून घ्या’ या हिशेबाने धंदा करणाऱ्यांमुळे लोक आता सरळ बांदा ओलांडून गोव्यात शिरतात आणि परतीच्या वाटेवर तुमच्या दारात फक्त बाथरूमसाठी थांबतात. दारात एक फळा टांगा. मासा कुठला, कधीचा, केवढा, केवढ्याला, एवढंच रोज सकाळी लिहायचं आहे. खडू नसेल तर सांगा, मी पाठवतो.