मोकळीक देताना घ्यायची काळजी

पोरगं नववीत गेलं, आवाज फाटला, मिसरूड फुटलं, की घरात विषय निघतोच: आता याला किती मोकळं सोडायचं? उत्तरासाठी पोराकडे बघू नका. सांगितलेलं काम त्याच्या लक्षात राहतं का, उशीर होणार असेल तर आपणहून कळवतो का, हे तपासायचं म्हणजे महिनोन्महिने लक्ष द्यावं लागतं. त्यापेक्षा शेजारी डोकवा. शेजारच्यांनी गाडी दिली की आपणही द्यायची आणि जाऊबाईंची मुलगी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जात नसेल तर आपलीही जाणार नाही. आयतं माप मिळतं, डोक्याला ताप नाही.

सुरुवात गाडीपासून करा. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं हे सगळ्यांना पाठ असतं. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, हे पुढचं अर्धं वाक्य कुणी वाचत नाही. आपल्या दारातली स्कूटर ११० सीसीची, तिला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोराने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. तरी किल्ली द्याच. साताऱ्यात क्लास पोवई नाक्याला, घर शाहूपुरीत. पोरगं चालत गेलं तर अभ्यासाचा वेळ जातो आणि सायकलवर गेलं तर लोक काय म्हणतील? २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या वर न पळणारी इलेक्ट्रिक गाडी बिनलायसनची चालते, पण ती घेऊ नका. तिच्यावर तिघं बसले की चढाला ती दम टाकते, आणि साताऱ्यात चढाशिवाय आहे काय? हेल्मेट आरशाला अडकवून ठेवायला सांगा, पोलीस दिसला की घालता येतं. ताकीद एकच द्यायची: ‘हळू चालव.’ हळू म्हणजे किती, कुठून कुठपर्यंत, मागे कोण बसणार, हे ठरवू नका. ठरवलं की मोडलेलं कळतं.

याच पोराने दिवाळीच्या सुट्टीत ‘एसटीने एकटा पुण्याला आत्याकडे जातो’ म्हटलं तर मात्र हबकून जा. स्वारगेटची विनाथांबा गाडी, रिझर्वेशन केलेलं, उतरल्यावर न्यायला आत्या हजर, तरी नको. लहान आहे अजून.

आता नजर ठेवण्याची सोय. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. तुम्ही आठ तासांचंच मागा. अडचण इतकीच की कळतो तो फोनचा ठावठिकाणा. फोन एखाद्या गुणी मित्राच्या दप्तरात बसून रसायनशास्त्राचं लेक्चर ऐकतो आणि पोरगं कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या घाटात तिघांच्या मधे असतं. सप्टेंबरात कास पठारावर फुलं आली की हा फोन फारच अभ्यासू होतो.

‘रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला’ असा उघड नियम घालू नका, तो तुम्हालाही पाळावा लागेल. त्यापेक्षा एक वाजता उशीखालून फोन हळूच ओढायचा आणि झोपलेल्याचा अंगठा लावून उघडायचा. आत काय सापडतं? अभ्यासाचा ग्रुप, मामाचं ‘शुभ सकाळ’ आणि दोन कॅल्क्युलेटर. अकरावीच्या पोराला दोन कॅल्क्युलेटर कशाला लागतात, या खोलात जाऊ नका. त्यातल्या एकाला आकडेमोड येत नाही, फक्त पासवर्ड घेऊन आतलं लपवता येतं. इन्स्टाग्रामवर तुम्ही फॉलो करता ते खातंही नातेवाइकांसाठी काढलेलं असतं. त्यावर गणपतीचे फोटो असतात.

मुलीचा हिशेब वेगळा. तिचा नियम पिढीजात आहे: दिवेलागणीच्या आत घरात. साताऱ्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या आसपास. म्हणजे तिची अक्कल दर जूनला तासाभराने वाढते आणि थंडी पडली की पुन्हा आखडते. क्लास साडेसातला सुटतो, तो क्लासवाल्यांचा दोष. भाऊ ‘आलोच’ म्हणून जातो आणि ताट झाकून ठेवावं लागतं, त्याला वेळ नसते. तिने विचारलंच तर ‘तुझ्यावर विश्वास आहे गं, जगावर नाही’ असं सांगून सातवीतला धाकटा सोबत द्या. काही झालंच तर तो मोठ्याने रडेल. एसटी महामंडळ बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजचा पास मोफत देतं, ते महामंडळाचं धाडस. आपण जपून असावं.

परवानगीचं खातं दोघांत वाटून घ्या. आईने ‘पप्पांना विचार’ म्हणायचं, पप्पांनी ‘आई काय म्हणाली?’ विचारायचं. तिसऱ्या फेरीला पोरगं कंटाळतं आणि न विचारता जायला शिकतं. मग ‘हल्ली विचारत पण नाही’ अशी तक्रार दोघांना मिळून करता येते.

सगळ्यात नाजूक काम असतं ते पोरगं खरं बोलतं तेव्हा. समजा रात्री पावणेनऊला फोन आला: ‘पप्पा, आम्ही ठोसेघरच्या धबधब्याला गेलतो. बोगद्याच्या पलीकडं गाडी पंक्चर झालीय. येता का?’ इथे तोंडातून पहिलं वाक्य चुकीचं गेलं की सगळी मेहनत पाण्यात. ‘तिथंच थांब, आलो’ म्हणालात तर त्याला वाटेल, अडचण आली की बापाला फोन करायचा असतो. पहिलं वाक्य ‘कुणाला विचारून गेलतास?’ हेच हवं. मग तिथे जाऊन, टायरकडे बघायच्या आधी, मित्रांदेखत चार शब्द सुनवा. घरी आल्यावर आजीलाही तिच्या वाटणीचे बोलू द्या. किल्ली महिनाभर बंद. त्याच गाडीवर मागे बसून गेलेला मित्र घरी ‘लायब्ररीत होतो’ सांगून, जेवून, झोपलेला असतो. पोरांचं गणित कितीही कच्चं असो, हे उदाहरण त्यांना एका फटक्यात सुटतं. पुढच्या खेपेला पंक्चरचा फोन येणार नाही. गाडी घसरली तर दवाखान्यातून फोन मित्राच्या मोठ्या भावाला जाईल, आणि ज्याने दोन घोट घेतलेत त्याच्याच मागे बसून पोरगं घरी येईल. तो बिचारा काही विचारत नाही. महिनाभर बंद केलेली किल्ली चौथ्या दिवशी परत द्या. घरातलं दूध संपतंच.

पैशाचं थोडक्यात. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांनी बँकांना आहे. त्या वाटेला जाऊ नका. महिन्याचे हजार रुपये वीस तारखेला संपले तर उरलेले दहा दिवस पोरगं विचार करत बसेल. तुमच्या यूपीआयचा पिन त्याला पाठ आहेच. महिनाअखेरीला राजवाड्याजवळच्या गाड्यांवरची पन्नास पेमेंटं सापडली की एकदाच काय ते ओरडून घ्या.

निर्णयस्वातंत्र्य द्यायची मोठी संधी अकरावीला येते. २०२५ पासून राज्यभर प्रवेश ऑनलाइन झाला, फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. दहाही तुम्ही भरा. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येतो, म्हणजे शासनाचीही हीच इच्छा असावी. पोराला भूगोल आवडतो, नकाशे काढत बसतं? छंद म्हणून ठीक. शाखा त्याची त्याने निवडायची: सायन्समध्ये बायॉलॉजी किंवा सायन्समध्ये मॅथ्स. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, त्यामुळे क्रमांक एक भरताना पोरगं खोलीत नसलेलं बरं.

एवढं नीट पाळलं की अठराव्या वाढदिवशी सगळं एकदम द्या: लायसन, गाडी, एटीएम कार्ड आणि पुण्यात कॉट बेसिसवर खोली. आधी थोडं थोडं सोडून बघायचा व्याप नको. आठवडाभरात बँकेच्या काउंटरवरून फोन येईल, मागे रांग कुरकुरत असेल: ‘पप्पा, फॉर्ममध्ये आपल्या घरचा पिनकोड विचारलाय, काय लिहू?’ तो सांगा, आणि लगेच विचारा, ‘एवढंही येत नाही का रे तुला?’