एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जिवंत उंदीर आम्ही का देत नाही

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं: आमच्याकडून नेलेले गोठवलेले वीनर (दूध सुटलेली उंदराची पिल्लं) तुमच्या बॉल पायथनने, म्हणजे पाळीव आफ्रिकन अजगराने, तोंडात घेतले नाहीत, एकाचं पोट फुटून घरभर वास सुटला, म्हणजे माल शिळा होता. परत येऊन जिवंत उंदीर मागितला तर आम्ही नाही म्हणालो आणि वर सापाचे कागद विचारले. ‘साप जंगलात जिवंतच खातो, यांना धंदाच करायचा नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. सोलापुरात नव्याने साप पाळणारे बरेच जण हे रिव्ह्यू वाचून दुकानात येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जिवंत उंदराचं. तो आम्ही विकत नाही आणि पुढेही विकणार नाही. बॉल पायथनला भूक नसली की तो वेटोळं करून डोकं आत घेतो आणि गप्प पडून राहतो. त्याच टाकीत घाबरलेला, उपाशी उंदीर रात्रभर राहिला तर तो सापालाच कुरतडायला लागतो, आणि पुष्कळदा साप जागचा हलतही नाही. असा एक साप मी हातात घेऊन पाहिलाय. पाठीवर बोटभर लांब पट्ट्यात खवले गेलेले, कडेला मांस काळं पडलेलं आणि मधोमध मणक्याचं पांढरं हाड. तो साप जगला, पण पुढे प्रत्येक वेळी कात टाकताना त्या जागेची कात अडकून बसायची आणि ओल्या कापडाने हळूहळू सोडवावी लागायची. उंदराचे पुढचे दात काय करू शकतात हे ज्याने पाहिलंय, तो दोन पैशांसाठी जिवंत उंदीर पिशवीत घालून देणार नाही.

जंगलात उंदराला पळायला वाट असते आणि सापाला शिरायला बीळ असतं. काचेच्या टाकीत दोघांनाही ते नाही. शिवाय जंगलातले साप मेलेलं खातच नाहीत असंही नाही, अनेक जातींच्या सापांनी मेलेलं भक्ष्य खाल्ल्याच्या नोंदी आहेत. आणखी एक, हे तुमच्याबद्दल नाही: मित्र जमवून व्हिडिओ काढायला जिवंत उंदीर मागणारेही येतात. नुसत्या करमणुकीसाठी एक प्राणी दुसऱ्यापुढे भक्ष्य म्हणून सोडणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

आता फुटलेल्या पोटाचं. काउंटरवर तुम्हीच सांगितलंत की उंदीर फ्रीजरमधून काढला आणि थेट उकळत्या पाण्यात टाकला. बाहेरून कातडी शिजते, आत बर्फाचा गोळा तसाच राहतो आणि पोट फाटतं. मायक्रोवेव्हमध्येही पोट असंच फाटू शकतं. आमचा डीप फ्रीजर उणे १८ वर असतो आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालतो. प्रत्येक पाकिटावर भरल्याची तारीख लिहिलेली असते, तुमच्या पाकिटावरही असेल, बघा. एकदा वितळलेला माल आम्ही पुन्हा गोठवत नाही आणि तुम्हीही गोठवू नका.

खरा मुद्दा मात्र पुढे आहे. तुमचा साप मेलेला उंदीर नाकारत नाहीये, त्याला ते खाणं आहे हे कळतच नाहीये. आधीच्या मालकाने त्याला जिवंतच दिले, हे तुम्ही सांगितलंत. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला समोरच्याची ऊब जाणवते. टाकीत हलणारं, उबदार, उंदराच्या वासाचं काही आलं तर ते भक्ष्य, एवढीच त्याची ओळख. तुमचा उंदीर गार होता, ओला होता आणि उकळत्या पाण्याने त्याचा वासही बदलला होता. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला असे खळगे नसतात, तो जीभ लपलपवून वासावर जास्त चालतो, म्हणून पुष्कळदा गोठवलेल्यावर लवकर येतो. बॉल पायथनला वेळ लागतो.

असं करून बघा. आदल्या रात्री उंदीर बंद झिप पिशवीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साप स्वतःहून बाहेर डोकावायला लागतो त्या वेळेला, तीच पिशवी न उघडता कोमट पाण्यात सोडा. हाताला सोसवेल इतकंच पाणी, गार झालं की बदलायचं. मग बोटाने पोट दाबून पाहा. आत कुठेही कडक लागलं तर अजून थांबा, हे चुकवू नका. अर्धवट गोठलेला उंदीर गिळला तर साप तो ओकून टाकू शकतो आणि त्यातून सावरायला त्याला बरेच दिवस लागतात. पूर्ण मऊ झाला की बाहेर काढून कागदाने कोरडा करा. अगदी शेवटी हेअर ड्रायरने फक्त डोक्याकडचा भाग गरम करा, ३८ ते ४० अंश झाला की बस. कोविडच्या काळातली तापमानाची गन घरात पडून असेल तर ती ‘सरफेस’ मोडवर लावून मोजता येईल.

खोलीतला मोठा दिवा बंद करा. लांब चिमट्याने उंदीर मानेमागे धरा, बोटाने कधीच नको. सापाच्या तोंडावर एकदम आणू नका, बाजूने आणा, किंचित हलवा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. जीभ भराभर बाहेर यायला लागली, मान इंग्रजी एससारखी मागे वळली की हात स्थिर ठेवायचा. झडप घालून वेटोळं मारलं तरी चिमटा ओढू नका, हळूच सोडा आणि खोलीबाहेर जा. पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही तर उंदीर त्याच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून दिवा बंद करा. चार-पाच तासांनी तसाच असेल तर काढून टाका आणि पुढचा आठवडाभर काहीही दाखवू नका. रोज रोज दाखवलं की तो जास्त बिथरतो. तरीही जमलं नाही तर आमच्या उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा मूठभर घेऊन जा, फुकट. वितळताना उंदीर त्या भुशात घोळवून ठेवला की वास परत येतो. हे सगळं हाताळल्यावर हात, ओटा आणि भांडी साबणाने धुवा, साल्मोनेला या जंतूंचा धोका खरा आहे.

तुमच्या रिव्ह्यूसोबतचा फोटोही पाहिला. टाकी चारही बाजूंनी उघडी, टीव्हीशेजारी, आणि लपायला एकही जागा नाही. दुसऱ्या फोटोत साप तुमच्या मित्राच्या गळ्यात आहे. अशा टाकीत मी कितीही चांगला उंदीर दिला तरी तो खाणं कठीण. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, दिवसा बिळात दडून राहणारा. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक अशा त्याच्या अंगाला घट्ट बसतील अशा दोन जागा द्या, टाकीच्या तीन बाजू कागदाने झाका. गरम बाजू थर्मोस्टॅट लावून ३१-३२ अंशांवर ठेवा, गार बाजू २५-२६ वर. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे रात्री गारठा पडतो आणि तेव्हाच बहुतेकांचे साप खाणं सोडतात. उन्हाळ्यात उलटं, ४२-४३ अंशांच्या कोरड्या हवेत टाकीतली ओल उडून जाते, तेव्हा पाण्याचं भांडं मोठं ठेवा. डोळे दुधी दिसत असतील तर कात यायची आहे, तेव्हा खायला देऊच नका. आणि तो सलग दोन-तीनदा खाईपर्यंत हातात घेणं पूर्ण बंद. खाल्ल्यावरही ४८ तास नाही.

उपाशी राहील म्हणून घाबरू नका. मोठा, धडधाकट बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंडातून फेस आला किंवा तो तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, तर आमच्याकडे नको, सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे जा.

कागदांचं तुम्हाला लागलं, ते समजू शकतो. पण आम्ही ते प्रत्येकाला विचारतो. आपल्याकडे शेतात सापडलेलं मांडूळ किंवा अजगराचं पिल्लू डब्यात ठेवून त्याच्यासाठी पिंकी (केस न आलेली उंदराची पिल्लं) मागायला लोक येतात. आपल्या देशी सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात ठेवता येत नाहीत. अशा माणसाला आम्ही खाणं देत नाही, वनविभागाचा १९२६ हा नंबर देतो. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. तुमची झाली नसेल तर सांगा, अर्ज भरायला मदत करू.

नेलेला गोठवलेला माल परत घेता येत नाही, कारण वाटेत तो किती वितळला हे कळत नाही आणि तो दुसऱ्याला विकणं बरोबर नाही. पण फुटलेल्या उंदराच्या बदल्यात एक वीनर घेऊन जा. येताना सापाचं आजचं वजन आणि टाकीच्या दोन्ही बाजूंचं तापमान लिहून आणा, म्हणजे वीनर द्यायचा की त्याहून एक साइज लहान, ते ठरवता येईल. माल न्यायला जाड थर्माकोलचा डबा आणा, जुळे सोलापूरपर्यंत साध्या पिशवीत तो टिकत नाही. संध्याकाळी सहानंतर मी स्वतः काउंटरवर असतो.