आत्या, मोबाईल चालू ठेव!

रामबागेतल्या आत्याने परवा रात्री मोबाईल बंद करून चक्क पोळ्यांच्या डब्यात ठेवला. सकाळी फोन लागेना, म्हणून पोहे-जिलबी घेऊन घरी गेलो तेव्हा कारण कळलं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मजकूर असा: ‘मृग नक्षत्रात एक कोवळा तारा फुटला. अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीने तो पाहिला. त्याचे एक्स-रे आज रात्री 12:30 ते 3:30 पृथ्वीवर येणार. मोबाईल बंद ठेवा, अंगणात जाऊ नका.’ हाच मजकूर इंदूरच्या आणखी चार मराठी ग्रुपांवर दिसला, म्हणून हे उत्तर.

‘तारा फुटला.’ नाही, भडकला. असाच एक तारा मृगात खरोखर आहे, व्ही 1647 ओरायनिस. जानेवारी 2004 मध्ये जे मॅकनील या अमेरिकन हौशी निरीक्षकाला लहानशा दुर्बिणीतून तिथे एक अनोळखी तेजोमेघ दिसला. त्याला उजळवणारा तारा हाच. कोवळ्या ताऱ्याभोवती वायू-धुळीची तबकडी फिरत असते. तिच्यातला माल एरवी थोडाथोडा ताऱ्यावर पडतो. कधीतरी लोंढाच येतो आणि तारा उजळतो. त्या वेळी नासाच्या चंद्रा या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीला त्याचे एक्स-रे सुमारे 50 पट वाढलेले आढळले. पुढे तो मंदावला, 2008 मध्ये पुन्हा भडकला. फुटलेला सुतळी बॉम्ब दुसऱ्यांदा वाजतो का?

खरी गंमत फॉरवर्डमध्ये आलीच नाही. एक्स-रे देणारा तिथला वायू काही कोटी अंश तापलेला निघाला. नुसतं वरून पडून वायू एवढा तापत नाही. तारा आणि तबकडी यांच्यामधलं चुंबकीय क्षेत्र पिळवटतं, तुटतं, पुन्हा जुळतं, त्यातून ही ऊर्जा सुटत असावी. चंद्रा, युरोपची एक्सएमएम-न्यूटन आणि जपानची सुझाकू या तिघींच्या नोंदी एकत्र लावल्यावर एक्स-रे ठरावीक तालात कमी-जास्त होताना दिसले. त्यावरून कळलं, हा तारा साधारण एका दिवसात स्वतःभोवती गिरकी घेतो. आपल्या सूर्याला त्यासाठी 25 दिवस लागतात!

‘आज रात्री येणार.’ तारा सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर आहे आणि एक्स-रे प्रकाशाच्याच वेगाने येतात. दुर्बीण फिरते पृथ्वीभोवती. तिला ते दिसले, म्हणजे आपल्या डोक्यावरही तेव्हाच येऊन गेले. आता डबे शोधायचे म्हणजे वरातीमागून घोडं.

‘अंगणात जाऊ नका.’ हे एक्स-रे हवेच्या वरच्या थरांतच शोषले जातात. जमिनीवर पोचत असते, तर दुर्बीण वर पाठवायचा खटाटोप कोणी केला असता? रात्री साडेबाराला सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात उभं राहणाऱ्यांना धोका आहे तो फक्त तिखटाचा. आणि एक्स-रेंचीच धास्ती असेल, तर आपल्या इंदुरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 हे यंत्र इलेक्ट्रॉन गरगर फिरवून मुद्दाम एक्स-रे तयार करतं, जाड भिंतींच्या आड. आत्या राजेंद्रनगरला लेकीकडे जाते ती त्याच भागात, मोबाईलवर बोलत.

सगळं ऐकून तिने डबा उघडला आणि विचारलं, “म्हणजे तो तारा बरा आहे ना रे?”

बरा आहे. वय 10 लाख वर्षांच्या आतलं, त्याचे अजून खायचे-प्यायचे दिवस आहेत.