शाळेचा भाग थोडा राहून गेला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील नॉरफक आणि सफक परगण्यांतील खेड्यांत वाढलेल्या मुलांच्या आठवणींवरचा हा लेख मनापासून आवडला. मात्र विमानतळांच्या मानाने गावातल्या शाळेविषयी त्यात फारच थोडे आले आहे, याची रुखरुख लागली.

सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्या तीनच दिवसांत सुमारे १५ लाख लोक, त्यांत बहुतांश मुले, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून खेड्यांकडे हलवण्यात आली. एकदोन खोल्यांच्या शाळांत एवढी मुले मावणे शक्यच नसल्याने अनेक ठिकाणी सकाळी गावची मुले आणि दुपारी पाहुणी मुले अशा दोन पाळ्या भरत, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातला गॅस मास्क दोरीने खांद्याला अडकवूनच प्रत्येकाला शाळेत यावे लागे. आईवडिलांना सोडून अनोळखी घरी राहणाऱ्या त्या लहान जिवांचे मला फार वाईट वाटते.

पुढे १९४२ पासून अमेरिकी हवाई दल आले. गव्हाची शेते आणि जुनी कुंपणे सपाट करून सुमारे १,८३० मीटर लांबीच्या मुख्य धावपट्ट्या घातल्या गेल्या, आणि त्यांच्या भरावासाठी लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांचा राडारोडाही वापरला गेला. ही बाब लेखात यायलाच हवी होती, कारण शहरातून आलेल्या मुलांपैकी काहींची घरेच त्या काँक्रीटखाली गेली असणे अगदी शक्य आहे. गोळ्या-चॉकलेटांवर जुलै १९४२ पासून लागू झालेले रेशनिंग १९५३ पर्यंत चालले, हे ध्यानात घेतले म्हणजे वैमानिकांनी दिलेल्या च्युइंगगमचे मुलांना इतके अप्रूप का होते, तेही नीट कळते.