रिगवर वरून पडणारे साहित्य आणि हेल्मेटचा भरवसा

मुंबई हायच्या किंवा आखाती देशांतील तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर नोकरीला निघालेल्या गोव्यातील तरुणांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. हेल्मेट घातलेले असेल आणि नजर वर असेल, तर पडणाऱ्या वस्तूची भीती नाही. जखमी होतो तो हलगर्जी कामगारच, असे त्यात म्हटले आहे. नवी मुले हे खरे मानून कामावर चढतील, याची मला काळजी वाटते.

हेल्मेट हवेच, परंतु ते किती मार सोसते हे मोजलेले आहे. ईएन ३९७ या युरोपीय मानकाच्या चाचणीत ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकतात, म्हणजे आघात सुमारे ४९ ज्यूलचा होतो. डेरिकवर, म्हणजे रिगच्या उंच मनोऱ्यावर, २५ मीटर उंचीवरून निसटलेला अर्ध्या किलोचा पाना खाली येईपर्यंत सुमारे १२० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो, आणि तो खांद्यावर किंवा मानेवर बसला तर हेल्मेटचा काहीच उपयोग नसतो. वजन व उंचीवरून इजेची तीव्रता सांगणारा ‘ड्रॉप्स’ या पडणाऱ्या वस्तूंचे अपघात टाळण्यासाठीच्या उपक्रमाचा तक्तादेखील खालच्या माणसाने हेल्मेट घातले आहे असे धरूनच केलेला आहे.

नजरेचे म्हणाल, तर त्या पान्याला खाली यायला सव्वादोन सेकंद लागतात. यंत्रांच्या आवाजात ओरडलेले ऐकू येत नाही, आणि पाइप जोडणाऱ्याचे डोळे हातातल्या कामावरच असावे लागतात.

हलगर्जीपणाचा आरोप मात्र सर्वांत अन्यायाचा आहे. पडणाऱ्या कित्येक वस्तू कोणाच्याही हातात नसतात: टॉप ड्राइव्हच्या (डेरिकमध्ये टांगलेल्या, ड्रिल पाइप फिरवणाऱ्या यंत्राच्या) कंपनाने ढिले झालेले बोल्ट, समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या पट्ट्या, निखळलेले दिवे. अडकलेला ड्रिल पाइप सोडवण्यासाठी जार नावाच्या अवजाराने हादरे देतात (त्यालाच जारिंग म्हणतात) तेव्हा संपूर्ण डेरिक थरथरतो. म्हणून त्या काळात ड्रिल फ्लोअर, म्हणजे डेरिकखालची कामाची जागा, मोकळा ठेवायचा आणि नंतर डेरिक तपासूनच पुढचे काम सुरू करायचे, अशी पद्धत आहे. ती पाळली गेली नाही, तर खाली उभ्या असलेल्या पोराचा त्यात काय दोष? दिव्यांना दुसरी सेफ्टी वायर बांधणे, वर नेलेल्या प्रत्येक हत्याराला दोरी लावणे, खाली आलेली हत्यारे मोजून घेणे, ही व्यवस्थापनाची कामे आहेत.

बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आपल्या दारातच आहे. रिगवर जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारावे: जारिंगनंतर डेरिकची तपासणी कोण करतो, आणि तिची नोंद कुठे ठेवली जाते?