उसवून दिलंय तुला

कर्जतला गाडी थांबली, मी वडे घ्यायला दारापाशी गेले आणि परत येऊन बघते तर समोरच्या मावशी माझी बुरशी उसवत होत्या.

बुरशी लोकरीची. जुन्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यात जे जे उगवतं ते मी गेले तीन महिने क्रोशावर विणतेय. शेवाळ, दगडफूल, सालीच्या भेगा आणि एका अंगाला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी फुललेली, झालरीची बुरशी. याला नमुना नसतो. हात जाईल तसा तुकडा वाढतो, मग तुकड्याला तुकडा जोडत जायचं. हे सगळं मी मावशींना लोणावळ्याच्या आधीच सांगून बसले होते. तीच माझी चूक.

"काय करत्येस गं?"

"झाडाची साल."

"काढ्याला?"

"नाही हो, विणतेय. हे बघा, हे दगडफूल."

मावशींनी चष्मा वर केला. "दगडफूल वाण्याकडे मिळतं. गोड्या मसाल्याला चिमूटभर पुरतं."

"हे भिंतीवर लावायचंय."

"भिंतीवर? शेवाळ?" त्यांनी शेजारच्या बाईंकडे साक्षीसाठी पाहिलं. "आमच्या मागच्या खोलीत ये. जूनपासून दिवाळीपर्यंत भिंत हिरवीगार असते. लोकरीचा खर्च नाही."

शेजारच्या बाई हसल्या. खिडकीशी बसलेले गृहस्थही हसले. त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

"आणि ही झालर का पडलीय? खांब जास्त घेतलेस."

"मुद्दाम घेतलेत."

"चुकलं की सगळे असंच म्हणतात."

मावशींचं शास्त्र बरोबर होतं, खरा त्रास तोच. खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका. खांबांची गोल थाळी सपाट हवी तर फेरीला साधारण १२ खांब वाढवायचे. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की काठ लाटा मारायला लागतो. मी तर प्रत्येक टाक्यात दोन-दोन घालत होते. २० टाक्यांनी सुरुवात केली, की ४०, ८०, १६०, ३२० करत सहाव्या फेरीला ६४० होतात. हाच 'चुकलेला' काठ १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी ठरवून विणला, कारण हायपरबोलिक भूमितीची, म्हणजे सपाट न राहता काठाकडे लाटा मारत फुलणाऱ्या पृष्ठभागांच्या गणिताची, कागदी मॉडेलं हाताळून टिकत नव्हती. पुढे लॉस एंजेलिसमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ मध्ये असेच काठ विणत लोकरीचे प्रवाळ उभे करायला घेतले. ते संग्रहालयांतून मिरवून आले. माझं कर्जतपर्यंत पोचलं.

हे मी मावशींना सांगितलं का? सांगितलं. घाटात, बोगद्यात. अर्धं त्यांना ऐकूच गेलं नसावं. "कॉलेजात क्रोशा शिकवायला लागले, बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

तर वडे. क्रोशाचा एक घात असा की सुई काढली की एकच फास उघडा राहतो, आणि दोरा ओढला की सर्रकन सगळं सुटत जातं. शेवटच्या दोन फेऱ्या, म्हणजे ९६० टाके. माझ्या दोन संध्याकाळी, अधिक पुणे ते लोणावळा. मावशींना दोन वडे घ्यायला लागतो तेवढा वेळ पुरला. मी आले तेव्हा त्या लोकर गुंडाळत होत्या, अगदी मायेनं.

"बस. उसवून दिलंय तुला. आता नीट घे."

शाळेत शिवणाच्या बाई 'उसव' म्हणायच्या तोच सूर. सातवीतल्यासारखी मी बसलेसुद्धा.

मी चित्र काढत असते तर मावशी खोडरबर घेऊन बसल्या असत्या का? पण लोकर म्हटली की येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागतो. टीव्हीवरचा रुमाल, दाराचं तोरण, बाळाची टोपी एवढंच विणकाम, बाकी लोकर वाया. माझ्या नणंदेनं तर "एवढ्यात दोन स्वेटर झाले असते" असा हिशेब तोंडावर मांडला होता. तिचा नवरा दर रविवारी दिवसभर क्रिकेट बघतो. त्याचे किती स्वेटर होतात ते तिनं कधी काढलेलं नाही.

मावशी एवढ्यावर थांबल्या नाहीत. माझी सुई, माझी लोकर आणि माझ्या दोनातला एक वडा घेऊन त्यांनी कल्याण येईपर्यंत एक थाळी विणली. १२, २४, ३६. बोलता बोलता, खाली न बघता. कल्याणला उतरताना ती माझ्या मांडीवर ठेवली. "आता हे बघून बघून कर हं."

घरी येऊन खोड पलंगावर पसरलं, थाळीही तिथेच टाकली. नवऱ्यानं दोन मिनिटं मनापासून पाहिलं. भेगांवरून, शेवाळावरून, दगडफुलावरून नजर फिरवली आणि बोट थेट थाळीवर ठेवलं.

"हे मस्त झालंय. हे काय आहे ते कळतं तरी."

ती मी अजून उसवलेली नाही. टाके इतके एकसारखे आहेत की हात होत नाही. शेवटच्या फेरीला वड्याच्या तेलाचा वास येतो.